शिस्त की धास्ती?

आपल्या समाजात कौतुकाचे काही शब्द ठरून गेले आहेत. शाळेच्या बक्षीस समारंभात, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या बोलणीत ते हमखास कानी पडतात. ‘मुलगा फार शिस्तीचा.’ ‘वहीत एक खाडाखोड सापडायची नाही.’ ‘काम मनासारखे झाल्याशिवाय पानावर बसत नाही.’ असे शब्द ऐकून आईबापांची मान ताठ होते आणि शिक्षकांना कृतार्थ वाटते. या कौतुकाविषयीच आज आम्हांला तक्रार मांडायची आहे. ज्याला आपण शिस्त म्हणून मिरवतो, ती पुष्कळदा शिस्त नसतेच, ती धास्ती असते. आणि नागपूरसारख्या विद्येच्या शहरात ऐन उमेदीच्या वयातली मुले या धास्तीपायी आतून झिजत असताना त्यांच्या झिजण्यालाच आपण सद्गुणाचे प्रशस्तिपत्र देतो आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. वारंवार हात धुणे, दाराची कडी पुनःपुन्हा तपासणे, नको असलेला विचार मनातून न जाणे, याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. मंत्रचळ झालेल्या माणसाला आपले वागणे विचित्र आहे हे बहुधा कळत असते. ते त्याला छळते आणि त्यातून सुटावे असे त्याला वाटते. आम्ही जिच्याविषयी बोलत आहोत ती स्वभावाची घडण निराळी आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-ग्रंथात या घडणीची आठ लक्षणे दिली आहेत : तपशील, याद्या आणि नियम यांत इतके गुंतणे की मूळ काम बाजूला राहावे, परिपूर्णतेच्या हट्टापायी काम पुरेच न होणे, कामासाठी विश्रांती आणि मैत्री यांना तिलांजली देणे, नीतीच्या बाबतीत अवाजवी ताठरपणा, निरुपयोगी वस्तूही टाकून न देणे, दुसऱ्यावर काम न सोपवणे, पैसा खर्च करताना हात आखडणे, आणि हेकेखोरपणा. यांतली चार वा अधिक लक्षणे तरुणपणापासून मुरलेली असतील आणि त्यांनी जगण्याचा विचका होत असेल, तरच तज्ज्ञ त्याला विकार म्हणतात. एखाद-दुसरे लक्षण तुमच्या-आमच्यात कोणातही सापडेल. म्हणून विशीतल्या पोरांवर रोगाचे शिक्के मारण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. मंत्रचळाचा रोगी ‘मला यातून सोडवा’ म्हणतो. या घडणीचा तरुण ‘मी बरोबर आहे, जगच ढिसाळ आहे’ असे म्हणतो. त्याला आपले दुःख दुःख म्हणून ओळखता येत नाही, आणि भोवतालचे लोक टाळ्या वाजवत असतील तर ते त्याने ओळखावे तरी कसे?

विद्यापीठाच्या जगात ही घडण कशी दिसते ते पाहू. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या भोवती वैद्यकीय, अभियांत्रिकी, विज्ञान, कला, विधी अशा महाविद्यालयांचा पसारा आहे, आणि त्या पसाऱ्याभोवती खाजगी शिकवण्या, वसतिगृहे, खानावळी व अभ्यासिका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून आलेली मुले भाड्याच्या खोलीत राहतात, डबा लावतात आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेच्या खुर्चीला खिळून असतात. त्यांच्यात असा एखादा असतोच की ज्याचा आठवडा वेळापत्रक आखण्यात जातो. एक दिवस चुकला की तो सगळे वेळापत्रक फाडून नवे आखायला घेतो. प्रात्यक्षिकाच्या वहीतली एक आकृती तिरकी आली म्हणून कोणी अख्खी वही पुन्हा लिहून काढते. कोणाच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण तीन वर्षे ‘अजून थोडे सुधारायचे’ राहते आणि मार्गदर्शक निवृत्त होतात. गटाने करावयाचा प्रकल्प कोणी एकटीच रात्र जागून करते, कारण इतरांचे काम तिच्या पसंतीस उतरत नाही. मग तीच सगळ्यांवर रागावते आणि एकटी पडते. उन्हाळी परीक्षेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतके घोटून लिहिले जाते की शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. जो सर्वांत अधिक राबतो त्याचेच काम अपुरे राहते, ही यातली शोकांतिका आहे. त्याला आळशी म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण त्याला शिस्तप्रिय म्हणणेही खोटेपणाचेच आहे.

हे होते कशाने? सोपे उत्तर असे की, आईबापांनी धाक घातला म्हणून. आम्हांला हे उत्तर अर्धेच वाटते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे की या स्वभावाचा काही अंश मूल जन्मतःच घेऊन येते. एकाच घरातला एक मुलगा चपला ओळीत लावतो आणि दुसरा भिरकावतो, हे आपण पाहतोच. फ्रॉइडने १९०८ साली एका छोट्या निबंधात टापटीप, काटकसर आणि हट्ट या तीन गुणांचे त्रिकूट दाखवून त्याचे मूळ बाळपणीच्या शौचाच्या शिकवणीत शोधले. त्याचे निरीक्षण टिकले, कारणमीमांसा मात्र फारशी टिकली नाही. तेव्हा सगळा दोष आईच्या पदरात टाकण्याची घाई नको. परंतु बी जन्माचे असले तरी त्याला पाणी घालणारे हात आपले असतात.

पहिले पाणी अटीच्या प्रेमाचे. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ‘तू असा वागलास तरच मला आवडतोस’ हे मुलाला पुनःपुन्हा जाणवले की ते स्वतःची किंमतही त्याच अटींवर ठरवू लागते. पंच्याण्णव गुण घेऊन आलेल्या मुलीला ‘उरलेले पाच कुठे गेले?’ असे विचारणारे घर तिच्यावर प्रेम करीत नाही असे नव्हे. पण मुलीच्या मनात त्या पाचांचीच नोंद होते. पुढे विचारणारे जवळ नसले तरी प्रश्न थांबत नाही. नागपुरातल्या वसतिगृहात रात्री दोन वाजता ती तो स्वतःला विचारीत बसते.

दुसरे पाणी जगाच्या अपेक्षेचे. ह्यूइट आणि फ्लेट या कॅनडातल्या संशोधकांनी १९९१ साली परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार सांगितले : स्वतःकडून अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि जग आपल्याकडून निर्दोषपणाचीच अपेक्षा करते अशी समजूत. यांतला तिसरा प्रकार अधिक घातक मानला जातो, कारण त्यात समाधानाचे ठिकाणच नाही. जगाचे समाधान झाले की नाही हे कधी कळतच नाही. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील ४०,००० हून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती करन आणि हिल या अभ्यासकांनी एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. हट्ट तिन्ही प्रकारचा वाढला होता, पण सर्वांत झपाट्याने वाढला होता तो हा तिसरा. ते देश दूरचे खरे. परंतु चौकाचौकांत गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक लावणाऱ्या आपल्या शहराला हे चित्र अनोळखी वाटू नये.

तिसरे पाणी अतिरिक्त जबाबदारीचे. घरातला पहिला पदवीधर, शेत गहाण ठेवून शिकवलेला थोरला, धाकट्यांचा आधार होणारी ताई. ‘माझी एक चूक आणि सगळ्यांचे नुकसान’ हे गणित ज्याच्या डोक्यात बसले, त्याला चूक ही चूक राहत नाही, ती अपराध होते. आणि चौथे पाणी अनिश्चिततेचे. परीक्षा पुढे ढकलली जाते, निकाल लांबतो, भरतीची जाहिरात येत नाही. जे हातात नाही त्याची भीती माणूस हातात असलेल्या गोष्टींवर काढतो. नोकरी हातात नाही, पण पेनांची रांग हातात आहे. भविष्य आखता येत नाही, पण समास आखता येतो. अशा विद्यार्थ्याला ‘एवढे मनावर घेऊ नकोस’ म्हणून भागत नाही. त्याचा काटेकोरपणा हीच त्याची भिंत आहे, आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे याचे त्याला भय आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आम्ही हलक्याने घेत नाही. कोणी म्हणेल, ‘सुखवस्तू घरातल्या मुलांना ढिलाई परवडते, कोरचीच्या किंवा एटापल्लीच्या मुलाला एकच संधी असते. काटेकोरपणा हेच त्याचे भांडवल. तेही काढून घेणार का?’ आमचे उत्तर असे की, कष्ट हे त्याचे भांडवल आहे, धास्ती नव्हे. कष्ट करणारा चुकला तर चूक सुधारून पुढे जातो. धास्तावलेला चुकला तर तिथेच थांबतो. आणि ज्याला एकच संधी आहे त्याला थांबणे मुळीच परवडत नाही. गरिबाच्या मुलाला भीती वारशाने मिळालेलीच असते. तिच्यावर शाळा-महाविद्यालयांनी आपल्या शिस्तीची भर घालण्याचे कारण नाही.

आता घरचा आरसा पाहू. कॅथलिक शाळांची कीर्ती शिस्तीवर उभी आहे आणि तिचा अभिमान बाळगण्याजोगे पुष्कळ काही आहे. अनेक पिढ्यांना या शाळांनी वेळेची किंमत आणि दिलेला शब्द पाळणे शिकवले. परंतु शंभर टक्के हजेरीचे बक्षीस घ्या. अंगात ताप असताना मूल शाळेत येते, कारण एक दिवस गेला तर बक्षीस गेले. यातून त्याच्या मनावर काय बिंबते? शरीराचे ऐकू नकोस, आकडा सांभाळ. वहीच्या टापटिपीचे वेगळे गुण, समास चुकला तर पान फाडून पुन्हा लिहिण्याची शिक्षा, हेही त्याच जातीचे. नैसर्गिक ओढीने टापटिपीकडे झुकलेल्या मुलाला ही पद्धत सांगते की तुझी भीती खरी आहे. ढिसाळ मुलाला ती कधी सुधारत नाही. काटेकोर मुलाला मात्र हमखास बिघडवते.

श्रद्धेच्या क्षेत्रात याहून नाजूक गोष्ट घडते. पापनिवेदन नीट झाले की नाही, एखादे पाप सांगायचे राहिले काय, जपमाळेत लक्ष विचलित झाले म्हणून ती पुन्हा म्हणावी काय, या शंकांनी पोखरलेले तरुण धर्मगुरूंना नवे नाहीत. ख्रिस्तसभेच्या परंपरेत या पीडेला फार जुने नाव आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसा टोकदार खडा. चपलेत शिरलेल्या खड्यासारखी ही शंका माणसाला एक पाऊल सुखाने टाकू देत नाही. विशेष हे की आपल्या थोर संतांनी हा खडा सोसला आहे. १५२२ साली मान्रेसा येथे संत इग्नेशियस लोयोला जुनी पापे पुनःपुन्हा आठवून इतके हैराण झाले की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूंनी सांगितले, अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगा. त्याने काही साधले नाही, कारण त्यांना प्रत्येकच पाप स्पष्ट दिसत होते! अखेर जुन्या पापांचा उच्चार कायमचा थांबवला तेव्हा त्यांची सुटका झाली. पुढे आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त त्यांनी या शंकांविषयी वेगळ्या सूचना लिहून ठेवल्या. संत अल्फोन्सस लिगोरी या पीडेने आयुष्यभर गांजले होते, आणि १९५० साली पोपमहोदयांनी त्यांनाच पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते ठरवले. लिझ्यूच्या संत तेरेजेनेही किशोरवयात हे भोगले. मोठमोठ्या पराक्रमांऐवजी लहान मुलासारख्या विश्वासाचा तिचा ‘छोटा मार्ग’ त्या अनुभवानंतर घडला, हे विसरू नये.

आणि नागपूरकरांना तर दूर जायला नको. या धर्मप्रांताची उभारणी ज्यांच्या हातून झाली ते मिशनरी ज्या संताचे नाव लावतात, ज्याच्या नावाने येथील कॅथेड्रल आणि महाविद्यालय ओळखले जाते, तो संत फ्रान्सिस द सेल्स एके काळी विद्यार्थीच होता. घरापासून दूर, पॅरिसमध्ये, पित्याच्या मोठ्या अपेक्षांचे ओझे घेऊन तो शिकत होता. १५८६-८७ च्या हिवाळ्यात, एकोणिसाव्या वर्षी, ‘आपण तरणार नाही’ या भयाने त्याला सुमारे सहा आठवडे ग्रासले. अन्न जाईना, झोप लागेना. संताला रोगाचे नाव देण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु तो सुटला कसा, हे पाहण्यासारखे आहे. आपण तरणार याची खात्री त्याला मिळाली नाही. त्याने खात्री मागणेच सोडले. पुढचे काय व्हायचे ते होवो, आज प्रेम करणे माझ्या हाती आहे, असे म्हणून पवित्र मरियेच्या प्रतिमेपुढे त्याने ते ओझे उतरवले. पुढे बिशप झाल्यावर, १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील आपल्या ग्रंथात, स्वतःच्या दोषांवरही चिडू नये, सौम्यपणे मनाला पुन्हा उभे करावे, अशी शिकवण त्याने दिली. चारशे वर्षांपूर्वीची ही शिकवण आजच्या मानसोपचाराला मान्य होण्याजोगी आहे. ज्या समाजाने हा संत आपला पालक म्हणून स्वीकारला, त्याच्या मुलांनी चुकीच्या भीतीने रात्री जागाव्यात, ही विसंगती कोणालाच खुपू नये काय?

काही धर्मनिष्ठ वाचक म्हणतील, प्रभूने आपल्याला स्वर्गीय पित्यासारखे परिपूर्ण होण्यास सांगितलेच आहे. सांगितले आहे, पण मत्तयच्या शुभवर्तमानातील त्या ग्रीक शब्दात पूर्णत्वाचा, परिपक्वतेचा अर्थ आहे, बिनचूकपणाचा नाही. ती आज्ञा शत्रूवर प्रेम करण्याच्या उपदेशाच्या शेवटी येते, आणि लूक तोच उपदेश नोंदवताना त्या जागी दयाळूपणाचा शब्द वापरतो. म्हणजे परिपूर्णता दयेची आहे, समासाची नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पवित्रतेविषयीच्या आपल्या पत्रात, सर्व काही स्वतःच्या इच्छाशक्तीने साधू पाहणाऱ्या वृत्तीला जुन्या पेलाजियन पाखंडाचा नवा अवतार म्हटले होते. निर्दोषपणाने देवाची कृपा कमावता येते असे ज्याला वाटते, त्याला कृपा म्हणजे काय हेच कळलेले नसते. ‘नुसती प्रार्थना करा म्हणजे पुरे’ असे सांगणाऱ्यांनाही आमचे एवढेच सांगणे की, शंकाग्रस्त मुलासाठी प्रार्थनाच कधी कधी मोजदादीचा विषय होऊन बसते. त्याला प्रार्थना वाढवायला सांगणे म्हणजे तहानलेल्याला मीठ देणे होय.

उपाय आहेत. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांनी आपल्या पुस्तकांतून मराठी वाचकांच्या घरात आणली. तिचा गाभा आपल्या भाषेतल्या एका अक्षरात सांगता येईल : ‘च’. ‘मला पहिला वर्ग मिळावा’ ही इच्छा. ‘मिळालाच पाहिजे’ हा हुकूम. इच्छा माणसाला चालवते, हुकूम त्याला जखडतो. विद्यार्थ्याने हा ‘च’ ओळखायचा, मुद्दाम एखादे काम ‘पुरेसे बरे’ करून सोडायचे आणि आकाश कोसळत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. हे लिहायला सोपे आणि करायला अवघड आहे, म्हणून सोबत जाणता माणूस हवा.

तो माणूस कोठे आहे, हा आमचा शेवटचा आणि मुख्य सवाल. देशात २०२२ या एका वर्षी १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. प्रत्येक मृत्यूमागे हीच घडण होती असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण ज्यांना मदत मागणे कमीपणाचे वाटते त्यांच्यात ही मुले पुढे असतात, एवढे निश्चित. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्याचे, तसेच गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे टाळण्याचे निर्देश दिले. आपल्या समाजाच्या संस्थांनी न्यायालयाचा बडगा येण्याची वाट का पाहावी? समुपदेशकाची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून नसावी, तेथे जाणाऱ्याची चर्चा शिक्षककक्षात होऊ नये, आणि उरलेले तास त्या माणसाला परीक्षेच्या पर्यवेक्षणाला जुंपू नये. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस येत्या वर्षापासून बंद व्हावे. गुरुविद्यालयांत भावी धर्मगुरूंना शंकाग्रस्त मन ओळखण्याचे आणि त्याला तज्ज्ञाकडे पाठवण्याचे शिक्षण मिळावे. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर, मिस्साच्या वेळांशेजारी लागावा. मानसोपचार म्हणजे ‘मेंटल हॉस्पिटल’ ही नागपुरी थट्टा निदान आपल्या घरांतून हद्दपार व्हावी.

हे सारे खर्चिक नाही. अवघड आहे ते एवढेच की, ज्या गुणाबद्दल आपण आजवर टाळ्या वाजवल्या त्याची पुन्हा पारख करावी लागेल. मुलाच्या वहीत खाडाखोड दिसली तर तेथे विचार चालू आहे असे समजावे, आणि कोरी करकरीत वही दिसली तर एकदा विचारावे, ‘बाळा, रात्री झोप लागते ना?’